मुली नाचायला निघताना

भातकापणी आटोपली, खळ्यावर धान्य आले, की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तारप्याचे सूर घुमू लागतात. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून घडवलेले हे वाद्य वाजवणारा मध्यभागी आणि कमरेला हात गुंफून त्याच्याभोवती फिरणारी साखळी, हे दृश्य वारली चित्रांनी जगभर पोहोचवले. हा फेर कित्येकदा रात्रभर चालतो. वेवजीसारख्या सीमेवरच्या गावात काय किंवा इतरत्र काय, अशा संध्याकाळी आई किंवा आजी मुलींची वेणीफणी करते, लुगडे नीट नेसवते. वाचकहो, ही घटका लेकींना जवळून न्याहाळण्याचीही असते.

आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अधिक प्रमाणात आढळतो. यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारखा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य वेदना उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, थंडी आणि ताप ही त्याची नेहमीची निमित्ते. रात्रभराच्या नाचात यांतील तीन सहज एकत्र येतात.

म्हणून वेणी घालताना डोळ्यांचा पिवळेपणा पाहावा. कुंकू लावताना कपाळ गरम तर नाही ना, हे हाताला कळतेच. बांगड्या भरताना, पैंजण घालताना मुलगी कळवळली, तर ‘नखरे करते’ असे म्हणू नये. एका बहिणीला आजार आहे म्हणून दुसरीला असेलच असे नाही, आणि एक धडधाकट आहे म्हणून दुसरी निरोगी ठरत नाही. प्रत्येकीची रक्ततपासणी स्वतंत्रपणे करावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून शासकीय आरोग्य केंद्रांत याविषयी चौकशी करता येते.

आजाराचे निदान झालेल्या मुलीला नाचापासून तोडू नये. साखळीतून वगळल्याचे दुःखही लहान नसते. तिने पोटभर जेवून निघावे, पाण्याची बाटली सोबत असावी, तहान लागण्याची वाट न पाहता वरचेवर पाणी प्यावे. काही फेऱ्यांनंतर बसावे. घाम आलेल्या अंगावर गार वारा लागू नये म्हणून आजीची शाल हाताशी असावी. डॉक्टरांनी दिलेली औषधे त्या दिवशीही चुकवू नयेत. रक्त कमी दिसते म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीवाचून देऊ नयेत. ताप आलेला असेल, तर त्या रात्री नाच नको, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

छातीत दुखणे, धाप लागणे, तीव्र वेदना न थांबणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नये. मुलीला तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाहनासाठी १०८ क्रमांक आहेच.

घरातील वडीलधाऱ्यांना गुडघ्यांमुळे आता फेर धरता येत नसेल, पण नाचाच्या कडेला बसून पाणी देणे आणि लेकींच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवणे त्यांना सहज साधते. थकलेली मुलगी ‘अजून एकच फेरी’ म्हणेल, तेव्हा तिला मायेने शेजारी बसवून घेण्याचा अधिकारही त्यांचाच.