शहराची रोजकीर्द

ज्या व्यापाऱ्याने आपली जुनी रोजकीर्द रद्दीवाल्यास विकली, त्याचे येणे कितीही खरे असले तरी ते न्यायासनापुढे शाबीत करणे कठीण जाते. शहराची गोष्ट याहून निराळी नाही. वर्तमानपत्रे ही शहराची रोजकीर्दच होय. आणि गिरगावापासून लालबाग-परळापर्यंतच्या मुंबईने ती जपावयास नको काय, हा प्रश्न आम्ही आमच्या सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहों.

बाळशास्त्री जांभेकरांनी ता. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, हे सर्वश्रुत आहे. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली. १८६२ साली निघालेल्या 'इंदुप्रकाशा'ने विधवाविवाहाचा पक्ष हिरिरीने मांडला. ही पत्रे विद्वानांची होती व विद्वानांनी त्यांचे स्मरण ठेविले. परंतु ज्यांस लिहितावाचता येत नव्हते, त्यांची कैफियत कोणी मांडली? पुण्यास १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालविले. गिरणीच्या मजुरांस १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती मालकांच्या औदार्याने नव्हे, तर लोखंडे यांच्या चळवळीने. पुढे परळातून ता. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक', १९२१ साली दादरहून प्रबोधनकार ठाकरे यांचे 'प्रबोधन' आणि १९२३ साली गिरगावातून खाडिलकरांचा 'नवाकाळ' निघाला. त्या काळाची हकीकत परकीय सरकारच्या दप्तरांत एकतर्फी लिहिली गेली आहे. आपल्या बाजूची साक्ष आहे ती या पत्रांत.

आता या साक्षीदाराची प्रकृती पाहा. चिंध्यांपासून केलेला जुना कागद शंभर-दीडशे वर्षे सहज टिकतो. उलट वृत्तपत्रांसाठी पुढे रूढ झालेला लाकडी लगद्याचा स्वस्त कागद थोड्याच वर्षांत पिवळा पडतो व हात लावताच तुटतो. म्हणजे गरिबांची पत्रे, जी अलीकडची व स्वस्त कागदावरची, तीच आधी नष्ट व्हावयाची! १९५६ सालच्या कायदेदुरुस्तीने वृत्तपत्राची प्रत नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांस देणे प्रकाशकावर बंधनकारक झाले खरे. पण त्यापूर्वी छापून गेलेल्या अंकांस त्याचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, त्या पत्रांत भांडणे व निंदा पुष्कळ आहे. ती जपून काय साधणार? आमचे उत्तर असे की, उलटतपासणी घ्यावयाची तरी साक्षीदार जिवंत हवा. शिवाय हे काम अशक्य नाही. 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९९० साली पुनर्मुद्रित केले. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था आपल्याच दाराशी आहेत.

तेव्हा आमची सूचना एवढीच. प्रत्येक वाचनालयाने आपल्याजवळील जुन्या अंकांची यादी करून ती प्रसिद्ध करावी. ज्या घरी आजोबांच्या पेटीत असे अंक असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता निदान छायाप्रत घेऊ द्यावी. व्यापारी मंडळींनी, उत्सवाच्या कमानीवर नाव झळकविण्यासाठी जो खर्च होतो त्यातील काही भाग काढून, एकेका वर्षाच्या फाइलीचा भार उचलावा. आणि त्या प्रती विद्वानाइतक्याच मजुराच्या मुलासही विनामूल्य वाचावयास मिळाव्या. वडिलांची स्थावर मिळकत हक्काने मागणाऱ्यांनी त्यांच्या शब्दांचा वारसा नाकारावा, हे कोणत्या न्यायात बसते?