दर्यातले दिवे विझवा

हा इशारा एलईडी लावून पर्ससीन टाकणाऱ्या नौकांच्या मालकांना आहे. त्यांचा मासा डोळे मिटून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना आहे आणि कायदा हातात असलेल्या सरकारी खात्यांनाही आहे. देणारे आम्ही, रापण ओढणारे, डोल लावणारे, गिलनेट टाकणारे कोकण किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार. विनंत्या करून झाल्या, निवेदनं देऊन झाली. हे निवेदन नाही.

काळोखाच्या रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिजावर एखादं गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. जनरेटरवर चालणारे प्रखर दिवे पाण्यावर टांगलेले असतात, काही पाण्याखाली सोडलेले असतात. उजेडाला आधी बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे लहान मासा येतो, लहानामागे मोठा. सगळे एका जागी जमले की भोवती पर्ससीन फिरवायचं आणि तळाच्या कड्यांतली दोरी खेचायची. जाळं खालून बंद झालं की सुटका नाही. बांगडा, म्हाकूळ तर जातोच, पण अंडी न टाकलेली मादीही जाते, बोटाएवढी पिल्लंही जातात. पिल्लांना बाजारात गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती फिशमीलच्या कारखान्यात दळली जातात. पुढच्या हंगामाचा मासा या हंगामात मातीमोल होतो, आणि सकाळी आमची रापण रिकामी येते.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 रोजी देशाच्या सागरी हद्दीत एलईडी मासेमारी आणि बुल ट्रॉलिंगवर बंदी घातली. त्याआधी, 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने, महाराष्ट्राने सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली आणि परवाने कमी करत नेण्याचं ठरवलं. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला, दंड लाखांत गेला. 2025 मध्ये पाळतीसाठी ड्रोनही आले. मग दिवे अजून पेटलेले का आहेत, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

पकडलं की ठरलेलं उत्तर मिळतं, आम्ही 12 मैलांच्या बाहेर होतो. राज्याची हद्द 12 सागरी मैलांची, म्हणजे साधारण 22 किलोमीटरची, हे खरं. पण केंद्राची बंदी 200 मैलांपर्यंत आहे, तेव्हा बाहेर गेलात तरी दिवा बेकायदाच. शिवाय मासा त्या रेषा पाळत नाही. शास्त्रज्ञांनी जगाच्या किनारी पाण्याच्या 66 मोठ्या सागरी परिसंस्था मानल्या आहेत, अरबी समुद्र त्यातली एक. गुजरातपासून केरळपर्यंत आणि पलीकडे ओमानपर्यंतचं हे एकच पाणी आहे. नैऋत्य वाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यालगत तळाचं सकस पाणी वर येतं, त्यावर तारली आणि बांगडा पोसला जातो. एका ठिकाणी थवा उपसला की त्याची टंचाई दुसऱ्या बंदरात जाणवते.

पुढे काय होतं तेही माहीत आहे, कारण शेजारी ते होऊन गेलं आहे. कर्नाटकात 1970 च्या दशकाच्या मध्यावर पर्ससीन आलं. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत उपाशी राहतो. असे अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे जाळ्यात आले. बापाबरोबर त्याच्या तोंडातली पिढीही संपली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच वेळी हे लिहून ठेवलं आणि धोका सांगितला. कुणी थांबलं नाही. पुढच्या दशकात तिथली शिंगाळ्याची मासेमारी कोसळली.

याहून मोठा धडा कॅनडाचा. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशावर शेकडो वर्षं गावं जगली. मोठे ट्रॉलर आले, इशारे बाजूला सारले गेले, आणि जुलै 1992 मध्ये सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे 30,000 माणसांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी 2024 मध्ये उठली. कॅनडाने आपल्या मच्छीमारांना पैसे देऊन घरी बसवलं. आम्हाला कोण बसवणार?

आपल्याकडेही 2019 मध्ये महाराष्ट्राची मासळी सुमारे 2 लाख टनांवर आली, तोवरच्या 45 वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी बरेच दिवस खाल्ले, हे आम्ही नाकारत नाही. वादळ आपल्या हातात नाही, दिवा आहे. म्हणूनच भांडण दिव्याशी आहे.

मालक कर्ज दाखवतात. कर्ज आमच्या होड्यांवरही आहे, आणि ते आम्ही चोरी न करता फेडतो. त्यांच्या नौकांवरच्या खलाशांशी आमचं वैर नाही, तेही पोटासाठीच आलेले आहेत.

व्यापाऱ्यांनो, पापलेट, म्हणजे आमचा सरंगा, 2023 मध्ये राज्यमासा झाला. 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान राज्याने ठरवून दिलं, त्यात पापलेटचं 135 मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. त्याहून लहान पापलेट टोपलीत घेता तेव्हा तुम्हीही या चोरीचे भागीदार असता.

आता मुदत. पावसाळी बंदी 31 जुलैला संपते. त्या दिवसापर्यंत जेटीवर उभ्या असलेल्या प्रत्येक नौकेवरून दिवे आणि त्यांचे जनरेटर उतरवा. परवाना नसलेलं पर्ससीन जाळं किनाऱ्यावर आणा. खात्याने प्रत्येक बंदरात परवानाधारक पर्ससीन नौकांची नावं आणि क्रमांक फलकावर लावावेत, आणि दिव्यासह सापडलेल्या नौकेचा परवाना व डिझेल परतावा त्याच दिवशी थांबवावा.

हे झालं नाही, तर 1 ऑगस्टपासून आम्ही बायकापोरांसह बंदरांवर बसू. दिव्यावर पकडलेली मासळी आमच्या मासेविक्या बायका लिलावात घेणार नाहीत, आणि कुणी घेतली तर त्याचं नाव गावासमोर येईल. समुद्रात कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. पण दिसलेल्या प्रत्येक नौकेचा क्रमांक, वेळ आणि जागा वहीत लिहून ठेवू, आणि ती वही उच्च न्यायालयात सादर करू. ज्या अधिकाऱ्याकडे तक्रार दिली आणि ज्याने ती दाबली, त्याचंही नाव त्या वहीत असेल.

मुदतवाढ मिळणार नाही.