विश्लेषण : नवे प्लगइन चालू लागले, म्हणून संगीताचे सॉफ्टवेअर बदलावे का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या ‘व्हीएसटी ३’ या प्लगइन प्रमाणाचा विकाससंच एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. त्याच्या वर्षभर आधी ‘क्लॅप’ हे नवे प्रमाण एफएल स्टुडिओसारख्या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दाखल झाले होते. तेव्हापासून ‘आता आपलेही सॉफ्टवेअर बदलायचे का?’ हा प्रश्न घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटून पोट भरणाऱ्यांना पडला आहे. वसई-विरारसारख्या शहरात तो केवळ हौसेचा प्रश्न नाही.

नेमके काय बदलले?

गाणे ध्वनिमुद्रित करणे, त्याला ताल-वाद्ये जोडणे आणि मिक्सिंग करणे ही कामे ज्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये होतात, त्याला डीएडब्ल्यू किंवा बोलीत ‘डॉ’ म्हणतात. क्युबेस, लॉजिक, प्रो टूल्स, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर ही त्याची परिचित नावे. ढोलकीचा आवाज, सिंथेसायझर, गाण्यावरची घुमारेदार रिव्हर्ब, बेसूर गळा सुरात आणणारे साधन हे सगळे त्यात बाहेरून जोडले जाते. हे जोड म्हणजे प्लगइन. प्लगइन आणि मुख्य सॉफ्टवेअर एकमेकांशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात, ते प्रमाण. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही, तसाच हा मामला.

व्हीएसटी हे प्रमाण स्टाइनबर्गने १९९६ मध्ये क्युबेसबरोबर आणले. १९९९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यावर अक्षरशः हजारो प्लगइन तयार झाले, त्यातली कित्येक फुकट. २००८ मध्ये तिसरी आली, पण लोक दुसरी सोडेनात. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने देणे थांबवले आणि जानेवारी २०२२ मध्ये आपल्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधूनही ती टप्प्याटप्प्याने काढण्याचे जाहीर केले. एका कंपनीच्या निर्णयावर सगळ्यांनी किती विसंबावे, ही चर्चा तेव्हा पेटली. त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनच्या बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी ‘क्लॅप’ आणले. ते पहिल्यापासून एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कोणाशी करार न करता वापरता येण्याजोगे होते. रीपरने ते २०२२ मध्येच घेतले, एफएल स्टुडिओने २०२४ च्या आवृत्तीत. स्टाइनबर्गने आता व्हीएसटी ३ खुले केले, त्यामागे या स्पर्धेचा हात नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

ॲपलची लॉजिक आणि गॅरेजबँड मात्र फक्त ‘ऑडिओ युनिट’ हे ॲपलचेच प्रमाण चालवतात, प्रो टूल्स फक्त ‘एएएक्स’. एबलटन लाइव्ह आणि खुद्द क्युबेसमध्ये २०२५ अखेरपर्यंत क्लॅपला जागा नव्हती.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न कोणाचा?

अंधेरी-गोरेगावचे स्टुडिओ, मालिकांचे सेट आणि डबिंगची कामे पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत आणि त्या मार्गावर परवडणारे घर मिळते ते मीरा रोडच्या पुढे. त्यामुळे अरेंजर, रेकॉर्डिस्ट, डीजे, कोरस गाणारे अशी मंडळी नायगाव ते विरार या पट्ट्यात राहतात. दिवसा मुंबईत नोकरी किंवा काम, रात्री घरच्या संगणकावर स्वतःची कामे. शिवाय स्थानिक बाजार आहेच. आगरी-कोळी हळदीची गाणी, गणपती-नवरात्रीचे रीमिक्स, वसईतल्या ख्रिस्ती लग्नांतले बँड, चर्चच्या गायनवृंदांची नाताळची गाणी, सामवेदी बोलीतले व्हिडीओ. या कामांना मोसम असतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा गणपतीला पंधरा दिवस उरलेले असताना संगणकाने जुना प्रोजेक्ट उघडायला नकार दिला, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि पुढच्या वर्षी परत येत नाही.

म्हणून प्रश्न ‘कुठले सॉफ्टवेअर चांगले’ हा नाही. दोन वर्षांपूर्वी केलेले हळदीचे गाणे ‘फक्त नवऱ्याचे नाव बदलून द्या’ म्हणत कोणी आले, तर ते उघडेल का, हा आहे.

क्लॅपमुळे आवाज सुधारतो का?

नाही. एकाच प्लगइनची व्हीएसटी ३ आणि क्लॅप अशी दोन्ही रूपे असतील, तर त्यातून निघणारा आवाज तोच. आतले गणित एक, फक्त सॉकेट वेगळा. इंटरनेटवर ‘क्लॅप जास्त गोड वाजते’ असे सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे बरे.

फरक पडू शकतो तो दोन ठिकाणी. क्लॅपमध्ये प्लगइन आणि मुख्य सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या गाभ्यांवरचे काम आपसात वाटून घेऊ शकतात. एकाच वेळी जड सिंथेसायझर वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. मात्र प्लगइनच्या कर्त्याने ती सोय वापरली असेल तरच. दुसरे म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांतील प्रत्येकाला स्वतंत्रपणे वळवण्याची मुभा.

हा दुसरा मुद्दा आपल्या संगीताशी थेट जोडलेला आहे. १९८३ पासून चालत आलेल्या मिडी पद्धतीत सूर वळवण्याची आज्ञा एका वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू होते. कीबोर्डवर खाली षड्ज धरून वर मींड घ्यायला जावे, तर षड्जही घसरतो. आपल्याकडचे कीबोर्डवादक वर्षानुवर्षे दोन वेगळे ट्रॅक करून यातून वाट काढत आले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये मान्य झालेल्या ‘एमपीई’ने प्रत्येक सुराला वेगळी वाहिनी देऊन हे सोडवले. क्लॅपने तीच सोय प्रमाणाच्या पायातच ठेवली. पण व्हीएसटी ३ मध्येही ‘नोट एक्स्प्रेशन’ नावाने ती २०११ पासून आहे. वापरणारे थोडे, कारण त्यासाठी बोटाचा दाब आणि सरक ओळखणारा कीबोर्ड लागतो आणि तो महाग असतो. म्हणजे मींडेसाठी सॉफ्टवेअर बदलणाऱ्याने आधी कीबोर्डाची किंमत विचारावी.

पालघर जिल्ह्याच्या स्वतःच्या वाद्याचे उदाहरण घेतले तर हे आणखी स्पष्ट होते. जव्हारचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना जानेवारी २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यानंतर तारप्याचा आवाज गाण्यात हवा अशी मागणी कोणाला आली तर नवल नाही. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून हाताने घडवलेल्या या वाद्याची भोके कारागिराच्या अंदाजाने पडतात. त्याचे सूर पेटीच्या बारा पट्ट्यांत नेमके बसत नाहीत. कुठल्याही प्रमाणाचे प्लगइन आणले तरी ही अडचण सुटत नाही. दोन चांगले माइक घेऊन वादकापुढे बसणे आणि त्याला त्याचे मानधन देणे, हाच त्यावरचा सोपा आणि सरळ उपाय आहे.

मग घाई कशाची आहे?

प्लगइन प्रमाणापेक्षा मोठी तारीख संगणकाकडून आली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही. मॅकच्या बाजूला, इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकसाठी २०२५ ची टाहो ही शेवटची प्रणाली असल्याचे ॲपलने सांगितले आहे. इंटेलसाठी लिहिलेली जुनी प्लगइन नव्या मॅकवर चालवणारे ‘रोझेटा’ हे दुभाषी साधनही त्याच्या पुढच्या आवृत्तीनंतर बहुतांशी निवृत्त होणार आहे.

याचा अर्थ असा, की ज्यांचे काम दहा-बारा वर्षांपूर्वीच्या ३२ बिट, व्हीएसटी २ प्लगइनांवर उभे आहे, त्यांना आज ना उद्या हलावेच लागेल. मग ते सॉफ्टवेअर बदलोत वा न बदलोत. आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅप आहे म्हणून जुनी प्लगइन जिवंत होत नाहीत. प्लगइनच्या कर्त्याने नवे रूप काढले असेल तरच ते मिळते. कित्येक फुकट प्लगइनांचे कर्ते केव्हाच दुसऱ्या कामाला लागले आहेत.

कंपनीच्या भरवशाचे काय?

इथे इतिहास बोलका आहे. जुलै २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक ही कंपनी घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. विंडोजवर लॉजिक शिकलेले सगळे एका घोषणेत उघड्यावर आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचे काम थांबवले. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेऊन फुकट दिले म्हणून सोनार वापरणारे वाचले. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या प्लगइन कंपनीने कायमचे परवाने बंद करून फक्त वर्गणी ठेवली. जगभर इतका आरडाओरडा झाला, की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. कोणते प्रमाण चालते याच्या यादीपेक्षा कंपनी पैसे कसे घेते आणि जुने परवाने कसे वागवते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

या बाबतीत बेल्जियमच्या इमेज-लाइनची एफएल स्टुडिओ आपल्याकडे का रुजली, हे समजण्यासारखे आहे. एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. क्लॅपची सोयही जुन्या परवानाधारकांना त्याच पैशात मिळाली. अशा माणसाने क्लॅपसाठी दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. रीपरचा परवाना वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ६० डॉलरला मिळतो, त्यावर असेल तर २२५ डॉलर. साठ दिवस सगळे वापरून पाहता येते. वर्गणीवाली सॉफ्टवेअर सुरुवातीला स्वस्त वाटतात, पण पावसाळ्यात काम नसतानाही पैसे कापले जातात आणि परदेशी चलनातल्या बिलाचा आकडा रुपयाबरोबर हलतो.

‘क्रॅक’ वापरणाऱ्यांसाठी हा हिशेबच लागू नाही, असा समज आहे. तोही तपासून घ्यावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ते सॉफ्टवेअर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. पैसे घेऊन गाणी करणाऱ्याला ती पळवाट नाही.

कोणी खरेच बदलावे?

ज्याचे मुख्य उत्पन्न अंधेरीच्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंच्या कामातून येते, त्याने तिथे जे चालते ते शिकावे. चित्रपट-मालिकांच्या आवाजाच्या कामात ते बहुधा प्रो टूल्स असते आणि तिथे क्लॅपचा विषयच निघत नाही. ज्याचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालणारच नाही, त्याला पर्याय नाही. ज्याला बिटविग वा यू-हीच्या सिंथेसायझरवर प्रयोग करायचे आहेत, त्यानेही जरूर करावे. हळदीची गाणी, भजने, चर्चची गाणी आणि रीमिक्स करणाऱ्या बाकी मोठ्या वर्गाने आहे तेच सॉफ्टवेअर अद्ययावत करून त्यातली व्हीएसटी २ प्लगइन एकेक करून व्हीएसटी ३ वर आणणे पुरेसे आहे. नवे सॉफ्टवेअर हाताला बसायला काही महिने जातात. तेवढ्या वेळात चार गाणी होतात.

बदलायचेच ठरले तर?

मोसम संपल्यावर बदलावे. वसई-विरारकरांसाठी जून-जुलै हे कामाच्या दृष्टीने मोकळे महिने असतात, पण विजेच्या दृष्टीने वाईट. जुलै २०१८ च्या पुरात वसईचा वीजपुरवठा बंद पडला होता, ते अजून कोणी विसरलेले नाही. यूपीएस आणि घराबाहेर ठेवलेली दुसरी हार्ड डिस्क हा खर्च सॉफ्टवेअरच्या आधी करावा.

जुना संगणक विकण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचा प्रोजेक्ट उघडून त्यातला एकेक ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या वेगळ्या २४ बिट वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. प्लगइनसह एकदा आणि प्लगइन न लावता एकदा. गायकाचा मूळ आवाज या दुसऱ्या संचातच वाचतो. सोबत मिडी फाइल, लय आणि पट्टी लिहिलेला कागद. बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये आणलेले ‘डॉ-प्रोजेक्ट’ हे खुले स्वरूप क्युबेस १४ मध्येही चालते. त्यामुळे ट्रॅक, आवाजाची पातळी आणि काही प्लगइनांची मांडणी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येते, मात्र दोन्हीकडे तेच प्लगइन बसवलेले हवे. सहा महिने तरी जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, आहे तसा जपावा. नाव बदलून मागायला येणारे गिऱ्हाईक साधारण पुढच्या लग्नसराईत येते.