खेळातले क्लास आणि साचेखात्याचा दरवाजा

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आता दादर-परळ-लालबागच्या आपल्या पोरापोरींपर्यंतही पोचला आहे. काही कार्यकर्ते त्याला श्रीमंतांचे चोचले म्हणून झटकून टाकतात. आम्हाला ते मान्य नाही. जिथे चार माणसे मिळून एक जग रचतात, तिथे त्या जगाचे कायदे कोणी लिहिले हे विचारणे आपलेच काम आहे.

या खेळात प्रत्येक पात्राला एक 'क्लास' असतो, म्हणजे पेशा. फायटर तलवार चालवतो, विझर्ड मंत्र टाकतो, क्लेरिक देवाच्या नावाने जखमा भरतो, थीफ कुलपे उघडतो. 1974 साली हा खेळ अमेरिकेत निघाला आणि तेव्हापासून खेळाडूंचे एक भांडण काही मिटत नाही. सुरुवातीचा विझर्ड एका फटक्यात मरतो, पण पातळ्या चढला की तो आगीचे गोळे फेकतो, काळसुद्धा थांबवतो. फायटर बिचारा तलवारच फिरवत राहतो. (पोथीवाला वर आणि अंगमेहनतवाला खाली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!) 2008 च्या चौथ्या आवृत्तीने सर्व क्लासना जवळपास एकाच साच्याच्या शक्ती दिल्या, तर 'सगळे सारखेच झाले' अशी ओरड झाली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ती रचना गेली.

पण आमच्या मते खरा प्रश्न याच्या आधीचा आहे. 1981 च्या 'बेसिक' पुस्तकात माणसाच्या पात्राला या चार पेशांतून निवड होती. ड्वार्फ, एल्फ आणि हाफलिंग यांना मात्र निवडच नव्हती. ड्वार्फ म्हणून जन्मलात, तर तुमचा क्लासही ड्वार्फ. वर पातळीला कुंपण: ड्वार्फला 12, एल्फला 10, हाफलिंगला 8. आणि या कुंपणाचे समर्थन काय? संतुलन! यांना जन्मजात काही विशेष गुण मिळाले आहेत, तेव्हा यांची वाढ कुठेतरी थांबायला हवी. जन्माने पेशा ठरवायचा, प्रगतीला छत घालायचे आणि त्याला समतोल म्हणायचे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही कुंपणे काढली. खेळ बुडाला नाही.

'जातिप्रथेचे उच्छेदन' 1936 साली प्रसिद्ध झाल्यावर गांधींनी दिलेले उत्तर याच वळणाचे होते. ब्राह्मणाचे काम आणि भंग्याचे काम सारख्याच मोलाचे, असे ते म्हणाले. म्हणजे क्लास सगळे संतुलित आहेत, आपापल्या जागी राहा! बाबासाहेबांचा सवाल मोलाचा नव्हता, निवडीचा होता. गुणांवरून वर्ण ठरतो म्हणणाऱ्या आर्यसमाजींनाही त्यांनी त्याच ग्रंथात अडवले आहे: गुणच पाहायचे, तर ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्य-शूद्र ही जुनी नावे कशाला हवीत?

हे परळ-लालबागला पुस्तकातून शिकावे लागले नाही. गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला रिंगखात्यात काम मिळे, साचेखात्यात नाही. मजुरी साचेखात्यात जास्त होती. कारण असे सांगत की धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते आणि त्या धोट्याला दुसऱ्याचेही तोंड लागते. दलिताला विणता येत नाही, असे कोणी म्हणत नव्हते. कौशल्याचा, 'मेरिट'चा तिथे संबंधच नव्हता. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रेटला आणि त्यांनी तो नाखुशीनेच घेतला. मजुरीच्या कपातीवर लढणाऱ्या पुढाऱ्यांना दोन खात्यांमधला बंद दरवाजा दिसत नव्हता, म्हणजे कोणता क्लास किती ताकदवान यावर तावातावाने बोलणारे, पण क्लास कोणाला मिळतो हे न विचारणारे!

म्हणून आजच्या पोरांना आमचे सांगणे आहे. पुराणांवरून देशी खेळ रचायची हौस वाढते आहे. त्यात कोणी 'ब्राह्मण', 'क्षत्रिय' असे क्लास मांडले आणि वर 'आम्ही सगळ्यांना सारखे गुण दिलेत' म्हणून छाती फुगवली, तर टेबलावरच अडवा. सारखे गुण दिल्याने चातुर्वर्ण्य धुऊन निघत नाही. 'खेळच आहे, एवढे काय?' असे कोणी म्हणेल. खेळच आहे, तर मग हीच चार नावे सोडवत का नाहीत?

आणि आपल्यापैकी कोणी गिरणगावावर खेळ लिहायला घेतला, तर पात्राच्या कागदावर जन्म आणि पेशा हे दोन रकाने वेगळे ठेवा. साचेवाला हा क्लास ठेवा, साचेखात्याचा बंद दरवाजाही ठेवा, आणि तो उघडायची मोहीम पहिल्याच बैठकीत खेळाडूंच्या हाती द्या. विझर्ड वरचढ की फायटर, यावर मग आपण खुशाल रात्रभर भांडू.