रात्रभर जागणाऱ्यांचा हिशेब

रात्रपाळीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. परंतु आपले ठराव बहुधा गिरणी-कारखान्यांपाशी थांबतात. इस्पितळात डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापलीकडे तंत्रज्ञांचा एक मोठा वर्ग रात्रंदिवस राबतो आणि त्यातही सर्वांत अनोळखी राहिला आहे तो झोपेची तपासणी करणारा तंत्रज्ञ.

त्याचे काम वरवर पाहता रुग्णाला तारा लावून झोपवण्याचे. प्रत्यक्षात डोक्याचे माप घेऊन नेमक्या जागी तारा चिकटवायच्या. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायांवर निराळ्या. छातीपोटाला पट्टे, नाकाशी श्वास टिपणारी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. मग रात्रभर पडद्यासमोर बसायचे आणि निसटलेली तार शक्यतो झोप न मोडता पुन्हा बसवायची. या नोंदीचे पुढे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा तपासावा लागतो. आठ तासांचे ९६० तुकडे होतात. प्रौढाचा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला, की ती एक घटना. तासाला अशा ३० किंवा अधिक घटना म्हणजे तीव्र आजार. सुटलेल्या तारेची रेघ खरी मानली गेली तर निदानच फसते. अहवालावर सही मात्र डॉक्टरांची असते.

उपचारातही हाच माणूस पुढे असतो. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ऑस्ट्रेलियात मुखवट्यातून दाबाने हवा देण्याची पद्धत मांडली. तो दाब कोणाला किती लागतो, हे रात्रभर थोडाथोडा वाढवत ठरवायचे आणि मुखवट्याने गुदमरणाऱ्या माणसाला मध्यरात्री धीर द्यायचा, हे तंत्रज्ञाचे काम.

हे पोट भरलेल्यांचे दुखणे आहे, मंठ्याच्या माणसाला त्याचे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हाला तो मुळीच मान्य नाही. आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. उसाचा ट्रक हाकणाऱ्याला, समृद्धी महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागली तर ठपका त्याच्या निष्काळजीपणावर येतो. त्याचा श्वास झोपेत अडतो काय, हे कोणी विचारत नाही. श्रीमंताचा आजार निदानाला पोचतो, गरिबाचा स्वभावदोष ठरतो, एवढाच काय तो फरक!

आता कायद्याकडे पाहू. परिचारिकांसाठी १९४७ साली, औषधनिर्मात्यांसाठी १९४८ साली कायदे झाले. या तंत्रज्ञांना मात्र २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात निद्रा-प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापाव्यात, असेही त्यात म्हटले होते. ते न झाल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. सरकारने स्वतःच केलेला कायदा सरकारकडून पाळून घेण्यासाठी न्यायालय लागावे, याला काय म्हणावे?

आणि नोंदणी म्हणजे वेतन नव्हे. परिषदेच्या यादीत नाव आले तरी कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील रक्कम तीच राहू शकते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या खटल्यात सांगितले. तो निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी हाताशी ठेवावा.

जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. मंठा तालुक्यातील साथींनी तेथे शिष्टमंडळ नेऊन तंत्रज्ञांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कंत्राटी किती, हे लेखी मागावे. झोपेच्या तपासणीचे पद आकृतिबंधात नसेल तर ते मागावे. घरी लावता येणारे लहान यंत्र ग्रामीण रुग्णालयात ठेवून ते लावण्यास एक तंत्रज्ञ शिकवून तयार करणे, ही तर त्याआधीही पुरी होऊ शकणारी मागणी आहे.