गोंडघरचा फाटा आणि सीएसटीचा माईक

कुडा लेणी आपल्या तळा तालुक्यात आहेत. खाली राजपुरी खाडी आणि खाडीच्या मुखाशी दिघी. १९९३ च्या जानेवारीत दिघीला शस्त्रं उतरली, फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मारली गेली.

त्यावरचा अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' कोर्टकज्ज्यात अडकून २००७ मध्ये पडद्यावर आला. असे चित्रपट पाहून आपल्याकडे चर्चा होते ती 'ते' कोण होते याची. मग एका धर्माच्या शेजाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. पण आम्हाला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: वाट कोणी मोकळी केली?

दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या होत्या. पैशांचा सौदा झाला आणि गाड्या सुटल्या. पुढे टाडा न्यायालयाने काही पोलिसांना आणि कस्टम अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवलं. लाच घेणाऱ्या हाताला धर्म नव्हता, फक्त किंमत होती. पंचशील आणि सम्यक आजीविका या केवळ विहारात म्हणायच्या गोष्टी नाहीत, हे त्या फाट्यावर कळतं.

२६ नोव्हेंबर २००८ ला मारेकरी पुन्हा समुद्रातूनच आले. १६६ जीव गेले. त्यावर राम गोपाल वर्मांचा चित्रपट आला, 'हॉटेल मुंबई' आला. दुसऱ्याने ताजमधल्या कर्मचाऱ्यांचं धैर्य दाखवलं, ते चांगलंच झालं. पण आपले चाकरमानी ज्या सीएसटीवरून ये-जा करतात, तिथे गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे माईक सोडून पळाले नाहीत. प्रवाशांना बाहेर पडायची वाट सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गरोदर महिलांना सुरक्षित खोलीत नेलं. दोघंही आपापलं रोजचंच काम करत होती.

कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्या माळ्याची, व्यापाऱ्याची नोंद दोन हजार वर्षं टिकून आहे. साध्या माणसाची नोंद ठेवणं ही आपली जुनी रीत आहे.

तेव्हा तरुण मित्रांनो, विहारात असा चित्रपट लावलात तर पडदा गुंडाळून घरी जाऊ नका. बसा आणि एकमेकांना विचारा: उद्या आपल्यापैकी कोणी नाक्यावर ड्युटीला असेल, तर तो गोंडघरच्या बाजूला उभा राहील की सीएसटीच्या?

जय भीम!