अवजारांची पेटी भंगारात घालू नका

शिरूरला आमच्या वस्तीत रविवारी सकाळी भंगारवाल्याची हातगाडी येते. त्याची आरोळी ऐकली की घराघरांतून सामान निघू लागते. मोडकी सायकल, फुटके घमेले, जुनी रद्दी गेली तर कोणाला दुःख नाही. पण या वर्षात आम्ही त्या गाडीवर तीन पत्र्याच्या पेट्या जाताना पाहिल्या. एक गवंड्याची, एक सुताराची आणि एक मोटार मेकॅनिकची. पेट्या रिकाम्याही नव्हत्या. थापी, ओळंबा, रंधा, कानशी, पाने, सगळे एका काट्यावर चढले आणि किलोच्या भावाने गेले. विचारले तर उत्तर ठरलेले. "वडील गेले. मुलगा रांजणगावला कंपनीत ठेकेदाराकडे आहे. तिथे अवजारे कंपनीची. ही गंजकी पेटी ठेवायची कुठे?"

दोन खोल्यांच्या घरात जागेची अडचण असते, ती आम्हीही जाणतो. तरी या आठवड्याचे सदर आम्ही त्या गंजक्या पेटीसाठीच देणार आहोत.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे तिथले त्यांचे विधान आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांचा जो हिशेब मांडला, तो फारसे कोणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. वर्कशॉपमध्ये तो हमाल म्हणून चालतो, मेकॅनिक म्हणून चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही जास्त मजुरीच्या विणखात्याचे दार आपल्याला बंदच होते. म्हणजे पाना आणि कानस दुसऱ्याच्या हाती, आपल्या हाती पहार आणि घमेले. हे ध्यानात घेतले म्हणजे बौद्धाच्या घरातली फिटरची पेटी काय मोलाची आहे ते कळते.

शिरूरला रेल्वे नाही. न्हावरे, चौफुला करीत एस. टी.ने दौंड गाठले की रेल्वेचे गाव लागते. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग इथूनच फुटतो. दौंडला आमची चुलत आत्या असते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिचे मालक गँगमध्ये होते. मुलगा, म्हणजे आमचे दादा, शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. नातू खाजगी नोकरीत आहे आणि नात आय.टी.आय.ला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला. या घरातली पेटी गेल्या उन्हाळ्यात आम्ही सर्वांनी मिळून रंगवली. ते काम कसे केले ते सविस्तर सांगतो, म्हणजे कोणालाही घरी करता येईल.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. आमचे शिक्षण बी.कॉम.चे, त्यामुळे आधी हिशेब. सहाही बाजू मिळून बाहेरचे क्षेत्र दहा चौरस फूट भरते. एक लिटर ऑइल पेंट एका हाताला साधारण शंभर चौरस फूट पुरतो. दोन हात द्यायचे म्हणजे वीस चौरस फूट, म्हणजे २०० मिली रंग पुष्कळ झाला. दुकानदार अर्ध्या लिटरचा डबा पुढे करतो, तो घेऊ नये. उरलेल्या रंगावर साय धरते आणि तो वाया जातो. रेड ऑक्साइड प्रायमरही तेवढाच घ्यावा, कारण आतूनही एक हात द्यायचा असतो. याशिवाय तारेचा ब्रश, वॉटर पेपरचे चार-पाच कागद, थोडे टर्पेंटाइन आणि एक इंची ब्रश. ब्रश मात्र स्वस्तातला नको. त्याचे केस रंगात अडकतात आणि ते वेचण्यात दिवस जातो.

पहिला दिवस धुण्याचा. अवजारे काढून गोणपाटावर मांडली. पेटीला वर्षानुवर्षांचे ग्रीस बसलेले असते आणि ग्रीसवर कोणताही रंग धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासणीने पेटी दोनदा धुतली आणि उन्हात पालथी घातली. बिजागऱ्या स्क्रूच्या असतील तर काढाव्यात. रिवेटच्या असतील तर तशाच ठेवून तेलाचे दोन थेंब सोडावेत, पण रंगकाम झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी घासकाम. इथे माता-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. जुन्या रंगात शिसे असते. घरगुती रंगात शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. त्यातून लोखंडी कामाला पूर्वी पहिला हात शेंदराचा देत असत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. १९५६ साली शेंदूर फासलेल्या दगडांपुढे वाकणे आपण सोडले. पण पेटीवरचा शेंदूर अजून कित्येकांच्या खाटेखाली आहे! शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, बुद्धीवर परिणाम होतो. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलाच फिरवावा, म्हणजे धूळ उडत नाही. नाकावर फडके बांधावे, मुलांना लांब ठेवावे. जो लगदा निघतो तो फडक्याने टिपून, कागदात गुंडाळून टाकावा. मोरीत किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. जुना रंग जाळून काढायची काही जणांना सवय असते, ती तर अगदी वाईट. तो धूर छातीत जातो.

गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढले, तेही पाण्याचा हात मारूनच. मग १२० नंबरचा कागद, मग २२०. पत्रा आरशासारखा करायची गरज नाही. सुटलेले ते निघाले पाहिजे आणि हात फिरवल्यावर कडा लागता कामा नये, एवढेच. आमच्या पेटीवर सर्वांत वर राखाडी रंग होता, त्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली काळा.

त्या काळ्या रंगावर पांढरी अक्षरे निघाली. आत्याच्या मालकांचे नाव होते. ते आम्ही इथे छापत नाही. नावाच्या शेवटी 'या' लावलेला होता, एवढे सांगितले तरी आमच्या वयस्क वाचकांना सगळे समजेल. वडिलांचे नाव नाही, आडनाव नाही. मालकाने गड्याला हाक मारावी तसे नाव, आणि तेही कोणी तरी अगदी वळणदार अक्षरांत काढलेले.

आम्ही दादांकडे पाहिले. ते खुर्चीत बसून सूचना देत होते. म्हणाले, "मी शेडमध्ये लागलो, तेव्हा पहिल्या पगारात हिरवा रंग आणला तो याच्यासाठीच. घासत बसलो नाही, वरूनच मारला. वडिलांनी कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही."

नातू म्हणाला, हा इतिहास आहे, तो पुसायचा नाही. त्यावर पारदर्शक व्हार्निश मारू आणि बाकीची पेटी रंगवू. नात म्हणाली, "तुझी पेटी असती तर तू ठेवली असतीस. ही मी कामावर घेऊन जाणार आहे." दोघांचेही म्हणणे आम्हाला पटत होते. बराच वेळ वाद झाला. आत्याला अक्षरओळख नाही. तिने दोनदा विचारले, "काय लिवलंय?" कोणी वाचेना. शेवटी दादांनीच वाचले.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या घरात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नाही. घासा ते. आन् नीट लिवा."

नातीने मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला आणि मग स्वतःच वॉटर पेपर हातात घेतला.

पुन्हा कामाकडे. उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. हवेतला दमटपणा आणि प्राणवायू त्याच्यावर लगेच काम सुरू करतात, सकाळी तांबूस छटा दिसते. म्हणून पेटी उन्हात खडखडीत वाळवून, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पातळ हात द्यावा. हा प्रायमर गंजाच्याच रंगाचा दिसतो, कारण तोही लोखंडाचा ऑक्साइड आहे. पण तेलात घोटून बसवलेला असल्याने तो पाण्याला पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. रात्रभर वाळू द्यावा. खोक पडलेल्या ठिकाणी लांबी भरावी, तीही बेताने. टाचणीएवढी भोके एम-सीलने बुजतात. तळच सडला असेल तर वेल्डरकडून नवा पत्रा मारून घ्यावा, रंगाने तळ धरत नाही.

रंग कोणता, यावर चर्चेची गरजच पडली नाही. सर्वांनी एकाच वेळी निळा म्हटले. नातवाला झाकणावर बाबासाहेबांचे चित्रही काढायचे होते. त्याला आम्ही स्पष्ट नकार दिला. अवजारांच्या पेटीवर माणूस बसतो, पाय ठेवून उंचावरचा दिवा काढतो, हातोडा आपटतो. बाबासाहेबांची जागा भिंतीवर आहे आणि त्यांची पुस्तके फळीवर.

निळ्याचे दोन हात दिले, मध्ये पूर्ण एक दिवस सोडून. रंग घट्ट वाटला तर टर्पेंटाइनचे थोडे थेंब घालावेत, फार पातळ केला तर ओघळ येतात. दौंडकडे पाऊस कमी, ऊन भरपूर, त्यामुळे वाळायला अडचण नाही. त्रास धुळीचा. उसाच्या गाड्यांच्या दिवसांत रस्त्याकडेच्या घरांनी हे काम काढूच नये. सकाळी वारा पडलेला असताना अंगणात रंगवावे. बंद खोलीत वास डोक्यात चढतो. जवळपास चूल किंवा विडी नको.

शेवटी अक्षरे. खडूने रेघा मारून, बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात नातीनेच लिहिली. पहिल्या ओळीत आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आडनाव आणि पुढे 'गँगमन, दौंड'. दुसऱ्या ओळीत दादांचे पूर्ण नाव आणि 'फिटर'. तिसऱ्या ओळीत तिचे स्वतःचे नाव, आणि त्यापुढची जागा मोकळी सोडली.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चा असतो. झाकण लावले तर कडा चिकटतात आणि उघडताना सोलून निघतात. म्हणून आठवडाभर पेटी उघडी ठेवली. तेवढ्यात अवजारांचे काम उरकले. पाने, पक्कड, छिन्न्या मशीन ऑइलच्या फडक्याने पुसल्या. कानशी मात्र तारेच्या ब्रशने कोरड्याच साफ कराव्यात, तेल लागले की त्या लोखंडावरून घसरतात. खंडेनवमीला कारखान्यांतून अवजारांना हळदकुंकू वाहतात. आपल्यातलेही काही जण साहेबाला बरे वाटावे म्हणून हात जोडतात. कुंकवाने गंज थांबल्याचे आम्ही कुठे पाहिले नाही, तेलाने थांबतो. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र घालू नये, ते ओल धरते. जुन्या ट्यूबचे रबर कापून घालावे. आणि पेटी फरशीवर न टेकवता दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते.

आठव्या दिवशी पेटी भरली. दादांचा हातोडा आणि पाने, त्यांच्या शेजारी नातीचा कोरा हॅकसॉ आणि गुण्या. कुलूप नवे आणले. त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक नातीकडे आहे आणि दुसरी आत्याच्या पदराला.